हेडर, मेंदू आणि आकड्यांची साक्ष

जेफ ॲस्टल हा वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियन या इंग्लिश क्लबचा सेंटर फॉरवर्ड. १९६८च्या एफए कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा होता, पण त्याचे नाव गाजले ते हेडरसाठी. २००२ साली, वयाच्या अवघ्या ५९व्या वर्षी तो गेला, तेव्हा स्मृतिभ्रंशाने त्याला पुरते ग्रासले होते. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने कारण नोंदवले ते ‘व्यवसायजन्य आजार’ असे. वर्षानुवर्षे डोक्याने चेंडू मारल्यामुळे मेंदूला इजा झाली, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे २०१४ मध्ये ग्लासगोचे मेंदूविकृतितज्ज्ञ विली स्ट्यूअर्ट यांनी जपून ठेवलेल्या त्या मेंदूची पुन्हा तपासणी केली आणि त्यात ‘सीटीई’ हा आजार आढळल्याचे सांगितले. तेव्हापासून खेळ आणि मेंदू यांच्या नात्याविषयी नवा अभ्यास आला, की एक ठरावीक वाक्य ऐकू येते: ‘दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.’ वाक्य खरेच आहे. पण ते उच्चारून बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे. कारण नाही, तर मग दुसरे काय, हा प्रश्न विचारला की प्रत्येक पर्यायी स्पष्टीकरणाला स्वतःचा पुरावा द्यावा लागतो. फुटबॉलच्या बाबतीत ही उलटतपासणी बरीच पुढे गेली आहे, आणि तिचे फलित सामान्य वाचकापर्यंत पोचलेले नाही.

सुरुवात आजारापासून करू. न्यू जर्सीतले विकृतितज्ज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये मुष्टियोद्ध्यांविषयी एक लेख लिहिला. वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्या माणसांची चाल अडखळू लागते, बोलणे जड होते, हात थरथरतात आणि बुद्धी मंदावत जाते, हे त्यांनी त्यात मांडले होते. आज ज्याला सीटीई म्हणतात त्याचे हे पहिले ठळक वर्णन. सूक्ष्मदर्शकाखाली या मेंदूंत एक खास खूण दिसते. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या घड्या जिथे आत वळतात, त्या खोबणींच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती, चेतापेशींमध्ये ‘टाऊ’ नावाच्या प्रथिनाचे गुंते साचलेले असतात. अल्झायमरमध्येही टाऊ साचते, पण त्याची जागा आणि मांडणी वेगळी असते. खोबणींचा तळ ही जागा योगायोगाची नाही. डोक्याला हिसका बसून ते गर्रकन वळते, तेव्हा मेंदूच्या ऊतींवर सर्वाधिक ताण येतो तो याच भागात. हेल्मेटने कवटी फुटण्यापासून वाचते, पण आतल्या मेंदूचे हे हेलकावे थांबत नाहीत. पक्के निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते, आणि गोंधळाला सुरुवात होते ती इथूनच.

मृत्यूनंतर मेंदू तपासायचा, तर कुणीतरी तो दान करायला हवा. २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या गटाने अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या २०२ जणांच्या दान केलेल्या मेंदूंचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी १११ जण एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेले होते आणि त्या १११ पैकी ११० मेंदूंत सीटीई सापडला. जगभर मथळे झाले ते ‘९९ टक्के खेळाडूंना आजार’ असे. पण मेंदू दान कोण करते? ज्या घराने बापाचा किंवा नवऱ्याचा स्वभाव पालटताना, स्मृती विरताना पाहिली, तेच घर पुढे येते. दवाखान्याबाहेरची रांग मोजून गावातले किती लोक आजारी आहेत हे ठरवता येत नाही, तसेच हे आहे. खुद्द संशोधकांनीही अहवालात हा इशारा दिला होता, पण मथळ्यांत तो उतरला नाही. तरीही हा आकडा टाकाऊ म्हणून बाजूला सारणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. दोन अमेरिकन संशोधकांनी २०१९ मध्ये उलट बाजूने हिशेब मांडला. हे मेंदू जमा झाले त्या काळात वारलेल्या पण मेंदूची तपासणी न झालेल्या एकाही एनएफएल खेळाडूला हा आजार नव्हता असे धरले, तरी किती उरतात? उत्तर आले, सुमारे १० टक्के. निवडीचा दोष जितका मोठा धरता येईल तितका धरूनही, दहापैकी एकाच्या मेंदूत एरवी दुर्मीळ असलेला आजार उरतोच. खरा आकडा १० आणि ९९ यांच्यामध्ये कुठेतरी आहे, एवढेच या पुराव्यावरून म्हणता येते.

म्हणून वेगळ्या तऱ्हेचा पुरावा हवा होता. आजारी माणसापासून मागे न जाता खेळाडूंच्या संपूर्ण यादीपासून पुढे जाणारा. स्ट्यूअर्ट यांच्या गटाने २०१९ मध्ये तो उभा केला. जुन्या नोंदी धुंडाळून स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या ७,६७६ पुरुषांची यादी केली. प्रत्येक खेळाडूमागे त्याच वयाचे आणि तशाच आर्थिक परिस्थितीच्या वस्तीत राहणारे तीन सामान्य पुरुष, असे २३,०२८ जण तुलनेला घेतले. मग सरकारी आरोग्यसेवेच्या नोंदींतून कोण कशाने वारले आणि कुणाला कोणती औषधे मिळाली, हे काढले. इथे मेंदू दान करण्याचा प्रश्नच नव्हता. घरच्यांना शंका आली काय किंवा न आली काय, नाव यादीत होतेच. निष्कर्ष असा निघाला की मेंदूच्या ऱ्हासाचा आजार हे मृत्यूचे मुख्य कारण ठरण्याचा धोका खेळाडूंमध्ये साधारण साडेतीन पट होता. त्यातही अल्झायमरचा धोका सुमारे पाच पट भरला.

‘साडेतीन पट’ हा आकडा कसा वाचायचा, हे इथेच स्पष्ट करायला हवे, कारण नुसत्या पटींनी माणूस घाबरतो किंवा फसतो. अभ्यासाच्या काळात या आजारांनी वारलेल्यांचे प्रमाण खेळाडूंत १.७ टक्के होते आणि इतरांत ०.५ टक्के. म्हणजे शंभर खेळाडूंमागे दोनाहूनही कमी. अभ्यासातले बरेच जण तेव्हा हयात होते, त्यामुळे हे आयुष्यभराचे प्रमाण नव्हे. मृत्यूचे दाखले, औषधे आणि रुग्णालयाच्या नोंदी एकत्र करून याच यादीवर केलेल्या २०२१च्या मोजणीत ते ५ टक्के आणि १.६ टक्के असे आले. म्हातारपणी डोके शाबूत राहिलेले माजी खेळाडू आजही बहुसंख्य आहेत. पट मोठी दिसते ती मुळातला धोका लहान असल्यामुळे. पण ज्या आजाराला उपाय नाही, त्यात शंभरातल्या तीन-चार जादा माणसांचा हिशेब होतो, तेव्हा तो क्षुल्लकही म्हणता येत नाही. पट आणि प्रत्यक्ष टक्के हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले, तर वाचक स्वतः तोलू शकतो. आपल्याकडच्या आरोग्यविषयक बातम्यांत बहुधा पहिलाच छापतात, याचे मला फार वाईट वाटते.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप सरळ आहे: खेळाडू जास्त जगतात, आणि स्मृतिभ्रंश हा उतारवयाचा आजार, मग तो त्यांच्यात जास्त दिसणारच. यातला पहिला भाग खरा आहे. सत्तरीपर्यंत या खेळाडूंचा मृत्युदर इतरांपेक्षा कमी होता. पण तुलना समान वयाच्या माणसांची होती. पंचाहत्तर वर्षांचा खेळाडू आणि पंचाहत्तर वर्षांचा सामान्य माणूस समोरासमोर ठेवून मोजले, तरी फरक उरतो. दुसऱ्या कारणाने आधीच वारलेल्यांचा हिशेब वेगळा धरणाऱ्या पद्धतीनेही आकडा फारसा हलला नाही. हा आक्षेप रास्त होता, त्याची तपासणी झाली आणि तो टिकला नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. खेळाडू आणि इतर लोक यांच्यात हेडरखेरीज शंभर फरक असतील. त्यांतला एखादा खरे कारण असला तर? सहसंबंधाच्या अभ्यासात कायम बोचणारा हाच प्रश्न, आणि याचे उत्तर त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या रकान्यात मिळते. फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका या खेळाडूंमध्ये इतरांच्या जवळपास निम्माच होता. हृदयविकाराने मरण्याचा धोका २० टक्क्यांनी कमी. म्हणजे या मंडळींनी सिगारेट कमी ओढली असणार, शरीर जास्त हलवले असणार. सिगारेट आणि बैठे जीवन स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतात. त्यामुळे राहणीतल्या या फरकाने खेळाडूंचा मेंदू इतरांपेक्षा सुरक्षित राहायला हवा होता. छुपा घटक आहे, हे मान्य. पण जो घटक आपल्याला दिसतो, तो उलट दिशेने ओढतो आहे आणि तरीही निकाल धोक्याच्या बाजूला झुकतो. ‘दुसरे काहीतरी कारण असेल’ म्हणणाऱ्याने आता असे काहीतरी दाखवायला हवे, जे हृदय आणि फुप्फुसे वाचवते, पण मेंदूचा घात करते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हे उत्तर इतके स्वच्छ मिळत नाही, आणि म्हणूनच मी फुटबॉलवर भर देते आहे. एनएफएलच्या माजी खेळाडूंची तुलना व्यावसायिक बेसबॉल खेळाडूंशी केली, तेव्हा मेंदूच्या ऱ्हासाने मरण्याचा धोका सुमारे तीन पट निघाला. तुलना चांगली होती. दोन्हीकडे निवडून आलेले, सुदृढ, पैसेवाले खेळाडू. फरक डोक्यावरच्या आघातांचा. मात्र अमेरिकन फुटबॉलला अवजड देह लागतात, आणि त्याच तुलनेत हृदयविकाराचे मृत्यूही बेसबॉलपेक्षा जास्त दिसले. हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार मेंदूही पोखरतात. तेव्हा दोष आघाताचा किती आणि वजनाचा किती, ही शंका तिथे शिल्लक राहते. स्कॉटिश खेळाडूंचे हृदय इतरांपेक्षा चांगले असल्याने तिथे ती वाट बंद होते.

पण मला सर्वात वजनदार वाटणारा पुरावा खेळाडू आणि इतर यांच्या तुलनेतला नाहीच. तो खेळाडू आणि खेळाडू यांच्यातला आहे. गोलकीपर त्याच संघात असतो, त्याच बसने प्रवास करतो, तेच खातो, तेवढाच पगार मिळवतो, तीच वेदनाशामके घेतो. पण चेंडू हातात घेतो आणि डोक्याने क्वचितच मारतो. बचावपटूचे काम नेमके उलट. समोरून येणारी प्रत्येक उंच लांब किक त्याला डोक्याने परतवायची असते. २०२१च्या विश्लेषणात सामान्य लोकांच्या तुलनेत गोलकीपरचा धोका १.८ पट होता, आणि तोही योगायोगापासून ठामपणे वेगळा काढता येण्याजोगा नव्हता. बचावपटूंचा मात्र सुमारे पाच पट होता. कारकीर्द जितकी लांब तितका धोका जास्त: सर्वात छोट्या कारकिर्दीला २.३ पट, पंधरा वर्षांपेक्षा जास्त खेळलेल्यांना ५.२ पट. कुणी म्हणेल, माजी फुटबॉलपटू म्हटल्यावर डॉक्टरच स्मृतिभ्रंशाचे निदान चटकन लिहीत असतील. पण मग हा माणूस चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या जागी आणि किती हंगाम खेळला, हे पाहूनही डॉक्टर लिहीत होते असे म्हणावे लागेल. ते पटत नाही.

त्यानंतर २०२३ मध्ये स्वीडनमधून दुसरा मोठा अभ्यास आला. १९२४ ते २०१९ या काळात तिथल्या अव्वल लीगमध्ये खेळलेले ६,००७ पुरुष आणि तुलनेला ५६,०००हून जास्त लोक. तिथे स्मृतिभ्रंशाचा धोका १.६ पट निघाला, म्हणजे स्कॉटलंडपेक्षा बराच कमी. पण रचना तीच होती: मैदानात खेळणाऱ्यांचा धोका वाढलेला, गोलकीपरचा सामान्य लोकांइतकाच. देश वेगळा, नोंदी वेगळ्या, संशोधक वेगळे, तरी आकृती तीच. धोका नेमका किती, यावर दोन्ही अभ्यासांचे एकमत नाही आणि तो वाद अजून मिटलेला नाही. धोका आहे का, यावर मात्र एकमत आहे.

असाच वाद एकदा सिगारेटवरून झाला होता. १९५०च्या दशकात रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवले. तेव्हा आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक रोनाल्ड फिशर यांनीच आक्षेप घेतला की सिगारेट ओढण्याची आवड आणि कर्करोगाची प्रवृत्ती दोन्ही एकाच आनुवंशिक कारणातून येत असतील. तर्क बिनचूक होता, पण जास्त ओढणाऱ्याला जास्त धोका आणि सोडणाऱ्याला कमी, हे त्यातून समजत नव्हते. १९६५ मध्ये हिल यांनी सहसंबंधावरून कारणाकडे जाताना काय पाहावे, याच्या काही कसोट्या मांडल्या. संबंध किती घट्ट आहे, निरनिराळ्या ठिकाणी तोच दिसतो का, मात्रेनुसार वाढतो का, शरीराच्या माहीत असलेल्या घडणीशी जुळतो का, यांसारख्या. यांतली एकटी कुठलीच कसोटी निर्णायक नाही, असे त्यांनीच बजावले होते. फुटबॉलचा पुरावा या कसोट्यांना उभा राहू लागला आहे. स्वयंसेवकांचे दोन गट करून एका गटाकडून वीस वर्षे हेडर मारून घेण्याचा प्रयोग कुणी करू शकणार नाही. तसा प्रयोग होईपर्यंत काहीच सिद्ध नाही असे म्हणणारा, काहीच कधी सिद्ध होऊ नये अशीच व्यवस्था करतो.

आकड्यांवर विश्वास ठेवायचा, तर नको असलेले आकडेही मानावे लागतात. सीटीईभोवती एक कथा रुजली आहे: डोक्याला मार बसलेला खेळाडू तरुणपणीच संतापी होतो, नैराश्यात जातो, आत्महत्या करतो. त्याच स्कॉटिश यादीत मानसिक आजारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण खेळाडूंमध्ये इतरांपेक्षा कमी होते, आणि आत्महत्यांत लक्षणीय फरक नव्हता. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत ही यादी खरी आणि नैराश्याच्या बाबतीत खोटी, असे म्हणता येत नाही. स्वीडनमध्ये पार्किन्सन्सचा धोका खेळाडूंमध्ये उलट कमी होता. व्यायामाचा तो फायदा असू शकेल. आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९५७ मध्ये शाळा संपवलेल्या मुलग्यांचा मागोवा घेतला, तेव्हा शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळलेल्यांची बुद्धी पासष्टीत इतरांपेक्षा खालावलेली आढळली नाही. हा शेवटचा निष्कर्ष अनेकदा ‘बघा, काही धोका नाही’ म्हणून पुढे केला जातो. पण शाळेतले तीन-चार हंगाम आणि व्यावसायिक खेळाची पंधरा वर्षे यांत मात्रेचा प्रचंड फरक आहे. मात्रेनुसार धोका वाढत असेल, तर अगदी कमी मात्रेला तो इतका लहान असणार की पासष्टीत मोजता येऊ नये. विस्कॉन्सिन आणि स्कॉटलंड एकमेकांना खोडत नाहीत, ते एकाच रेषेच्या दोन टोकांवर बसतात.

काही गोष्टी मात्र खरोखरच अनिर्णित आहेत, आणि त्या पुराव्याच्या मर्यादेतून येतात. बचावपटू जास्त हेडर मारतो, हे खरे. पण चेंडूसाठी उडी मारताना दोन डोकी एकमेकांवर आदळतात, कोपर कानशिलावर बसते, हेही बचावपटूच्याच वाट्याला जास्त. हजारो सौम्य हेडरचा वाटा किती आणि मोजक्या जोरदार टकरींचा किती, हे या याद्यांतून वेगळे काढता येत नाही. निवृत्त खेळाडूंना विचारून हेडर मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. परंतु ज्याची स्मृतीच तपासायची, त्याच्या स्मृतीवर मोजणी उभी करणे हा पाया कच्चा आहे. हे सगळे अभ्यास पुरुषांचे आहेत, त्यामुळे महिला खेळाडूंविषयी त्यांतून काही ठाम सांगता येत नाही. ‘जुने कातडी चेंडू जड होते, आता तो प्रश्न राहिला नाही’ हा दिलासा मात्र फार टिकत नाही. कातडी चेंडू पावसात पाणी पिऊन जड होत, पण कोरड्या चेंडूचे ठरलेले वजन तेव्हाही जवळपास आजच्याइतकेच होते; आज ते ४१० ते ४५० ग्रॅम आहे. शिवाय हलका राहणारा चेंडू जास्त वेगाने येतो. १९१० ते १९६९ दरम्यान जन्मलेल्या स्कॉटिश खेळाडूंत जन्मकाळानुसार धोका घटताना दिसला नाही.

कोल्हापुरात तालमींच्या संघांचे सामने बघायला स्टेडियम भरते आणि गोव्यात तर फुटबॉल गावोगाव खेळतात. तिथल्या आईबापांनी या सगळ्यातून काय घ्यायचे? मुलाला मैदानावरून घरी आणावे, असा याचा अर्थ अजिबात नाही. याच अभ्यासातले हृदयाचे आणि आयुर्मानाचे आकडे उलटच सांगतात, आणि धोका मोजला गेला आहे तो व्यावसायिक खेळाडूंचा. पण प्रशिक्षक दहा वर्षांच्या मुलांना ओळीत उभे करून एकापाठोपाठ एक तीस-चाळीस उंच चेंडू डोक्याने मारायला लावत असेल, तर त्याला ‘कशासाठी?’ असे विचारण्याइतका पुरावा आज नक्कीच आहे. सामन्यात एखाद्या मुलाच्या वाट्याला हेडर मोजकेच येतात, ढिगाने मारले जातात ते सरावात. त्यामुळे खेळाचे नियम न बदलताही बहुतेक मात्रा कमी करता येते. कबड्डी, कुस्ती आणि बॉक्सिंगला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. त्या खेळांतले आघात वेगळे आहेत. बॉक्सिंगमध्ये डोके हेच लक्ष्य असल्याने मात्र मार्टलँड यांचा जुना इशारा तिथे पुरेपूर लागू आहे.

काही संघटनांनी पूर्ण सिद्धतेची वाट पाहिली नाही. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेडर बंद केले. स्कॉटलंडने २०२० मध्ये बारा वर्षांखालील मुलांच्या सरावातून ते काढले. इंग्लंडमध्ये २०२१-२२च्या हंगामापासून प्रौढ व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहा जोरदार हेडर, अशी मर्यादा सुचवली आहे. घाई केली, अशी टीका या निर्णयांवर होते. टीकाकारांना हवा तसा पुरावा कधी मिळेल, याचा हिशेब करता येतो. २०२० मध्ये दहा वर्षांचा असलेला स्कॉटिश मुलगा सत्तरीत पोचेल २०८० साली. हेडर कमी केलेल्या पिढीत स्मृतिभ्रंश घटला की नाही, हे तेव्हा कळेल. निर्णय मात्र आजच्या दहा वर्षांच्या मुलासाठी आजच घ्यावा लागतो, आणि काहीही न बदलणे हाही त्याच्या वतीने घेतलेला निर्णयच असतो. सरावातले थोडे हेडर कमी केले आणि पुढे शंका चुकीची ठरली, तर खेळाचे नुकसान अगदी थोडे. कमी केले नाहीत आणि ती खरी ठरली, तर ज्यांचे नुकसान होईल ते खेळाडू आज चौथी-पाचवीत आहेत.